टाक्या धुवायला तीन दिवस

सोमवारी सकाळी आठ वाजता आसलाउग डब्यात ब्राउन चीजचे ब्रेड भरत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"ताबडतोब ये," स्वेरे म्हणाला. "घरातच फितुरी झालीय. कोणी केली तेही मला माहीत आहे."

ओस्लोच्या धक्क्यावर स्वेरेची जहाजांची दलाली. द्रवरूप गॅस एकाचा, तो वाहणारं जहाज दुसऱ्याचं. दोघांची गाठ घालून द्यायची. या धंद्यात तोंड बंद ठेवण्याचेच पैसे मिळतात. आसलाउग कंपनीची वकील, आणि स्वभावाने संशयी. पण 'मला माहीत आहे' म्हणणाऱ्यांचा तिला सगळ्यात जास्त संशय येई.

स्वेरेने कागद पुढे सरकवला. शनिवारी टोकियोच्या गिऱ्हाइकाला निनावी संदेश गेला होता: 'जहाजाच्या टाक्या गरम आहेत. धुऊन घ्यायला तीन दिवस जातील. दलालांना ठाऊक आहे.'

टोकियोने सौदा मोडला होता. जहाजमालकाने आज चारपर्यंत मुदत दिली होती: फितूर शोधा, नाहीतर माझी सगळी जहाजं दुसरीकडे.

"शुक्रवारी कप्तानाची मेल फक्त तुरीदला आली होती," स्वेरे म्हणाला. "तिला काढल्याचं पत्र तयार आहे."

"तिला हा कागद दाखवलास? काही विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात?"

तुरीद बावीस वर्षं गॅसच्या सौद्यांचं टेबल सांभाळत होती. आज तिचे डोळे सुजले होते.

"कप्तानाने काय कळवलं?"

"टाक्या गरम झाल्यात, एवढंच. परतीच्या वाटेवर त्या थंड राहाव्यात म्हणून थोडा गॅस मागे ठेवतात. तो संपला. आज मालकाला विचारून मी टोकियोला कळवणार होते."

"आणखी कोणाला माहीत होतं?"

"स्वेरेला मीच सांगितलं. मग दोन वाजता, दर शुक्रवारसारखे, सगळे वॅफल खायला गेलो. माझा स्क्रीन उघडाच राहिला. गाढवच मी!"

"फोन घ्यायला मागे कोण थांबलं होतं?"

"हाल्वोर, माझ्याच टेबलावरचा. त्याची पाळी होती."

हाल्वोर हसतच आत आला.

"मी? अगं, गेल्या ऑक्टोबरपर्यंत मी कच्च्या तेलाच्या टेबलावर होतो. मला गॅसमधलं अजून धड कळत नाही. तुरीद थकलीय बिचारी. स्वेरे निवृत्त झाल्यावर तिला एकटीला हे टेबल झेपेल असं मला नाही वाटत."

"शुक्रवारी तिच्या टेबलाकडे गेला होतास?"

"छे! जागचा हललो नाही."

साडेतीनला आसलाउगने तिघांना एकत्र बसवलं आणि कागद तुरीदच्या हाती दिला. "मोठ्याने वाच."

तुरीद वाचता वाचता थांबली. मग चक्क हसली. "धुऊन? गॅसच्या टाक्या कोण धुतं? त्या गार करतात!"

स्वेरेने कागद ओढून घेतला. तो कानापर्यंत लाल झाला.

"तू 'गरम' वाचलंस आणि भडकलास," आसलाउग त्याला म्हणाली. "पुढचं वाचलंच नाहीस. तेलाच्या टाकीत गाळ बसतो, म्हणून ती धुतात. गॅसचा गाळ कुठे बसतो? कप्तानाने फक्त 'गरम' लिहिलं होतं. धुण्याचे तीन दिवस लिहिणाऱ्याने आपल्या जुन्या सवयीने जोडले. तू किंवा तुरीद झोपेतही असं लिहिणार नाही. उरलं कोण? उघड्या स्क्रीनपाशी एकटा असलेला तेलवाला. तुरीद गेली की टेबल त्याचंच होतं."

हाल्वोरचं हसू मावळलं. "मला वाटलं, टाकी ती टाकीच," तो पुटपुटला.

"सामान उचल," स्वेरे म्हणाला.

दार लागल्यावर त्याने ते पत्र टराटरा फाडलं. "तुरीद, टेबल तुझंच आहे."

"बावीस वर्षं, स्वेरे." ती म्हणाली. "एकदा तरी विचारायचंस ना, हे तू केलंस का? एवढंच."

तुरीदने डोळे पुसले आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

"चाराला पाच कमी आहेत. मालकाला लाव. आणि फितूर कोण, एवढंच सांगू नकोस. तुझं काय चुकलं तेही सांग. मी इथेच बसलेय."