चौथी प्रत

समुद्रापलीकडे जाणारं पत्र आमच्यात तीनदा लिहितात. शब्दाला शब्द तोच, पण जहाजं तीन. एक बुडतं, एक फ्रेंच पळवतात, एक पोचतं. ब्रॅकेट घराण्याच्या तंबाखूच्या धंद्यातल्या या नकला बारा वर्षं मी करत आले. मला कुणी शाळेत घातलं नव्हतं. वडिलांची पत्रं समोर ठेवून एकेक अक्षर गिरवत शिकले, त्यामुळे माझं अक्षर हुबेहूब त्यांचं: उजवीकडे कललेलं, लांब शेपट्यांचं. पीटर्सबर्गमधले व्यापारी हसायचे, "केझाया, आता वडिलांचा विग तेवढा डोक्यावर यायचा राहिलाय."

वडील, थिओफिलस ब्रॅकेट, तंबाखूचं पान विकायला ग्लासगोला गेले आणि सतराशे अठ्ठ्याण्णवच्या जुलैत तिथेच वारले. ती बातमी सप्टेंबरात आली. त्यांनी जूनमध्ये लिहिलेलं पत्र ऑक्टोबरात आलं.

माझा धाकटा भाऊ अ‍ॅम्ब्रोज कचेरीत ते मोठ्याने वाचू लागला. आधी पानाचा भाव, आणि आमची पिंपं दमट निघाल्याबद्दल शिव्या. मग राजकारण: सरकारविरुद्ध चार ओळी छापल्या की माणसाला तुरुंगात घालणार असाल, तर इंग्रजांशी लढलो कशाला? अ‍ॅम्ब्रोज खूश झाला. तो वसंतातल्या निवडणुकीला उभा राहणार होता आणि असली वाक्यं त्याला हवीच होती. तिसरा परिच्छेद मात्र त्याने मनातच वाचला.

मी त्याच्या खांद्यावरून वाचला. "डॉर्कस आणि तिची मुलगी टॅमर यांना मी मुक्त करतो. हे माझं इच्छापत्र समजावं."

डॉर्कस आमची गुलाम; आमच्या वखारीत पान निवडायची आणि पिंपं भरायची. टॅमर सोळा वर्षांची. तिची हनुवटी माझ्या वडिलांची होती. घरात ती सगळ्यांना दिसायची आणि कुणी बघायचं नाही.

"वडील शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाले होते, ताई," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

"पानाच्या भावापर्यंत शुद्धीवर होते, आणि मग लगेच भ्रमिष्ट झाले?"

"कर्नल पेटसची लेक केंटकीला चाललीय. तिला टॅमर हवीय. मी शब्द दिलाय. त्यांच्या शब्दाखाली चाळीस मतं आहेत."

"आणि स्वातंत्र्यावरचं भाषण? ते आधी करणार की नंतर?"

त्याने पत्र शेकोटीत ठेवलं. मी ओरडायला हवं होतं. मी दौत भरली.

दुसरी प्रत नोव्हेंबरात आली. तीही त्याने जाळली, पण त्याआधी मी वाचली आणि चक्रावले. नक्कल शब्दाला शब्द असते, वडील त्याबाबत फार काटेकोर. या पत्रात मात्र मुक्ततेचं वाक्य मध्ये होतं, राजकारणाच्या आधी. तिसरी प्रत जानेवारीत आली. तिच्यात ते वाक्य सगळ्यात वर होतं आणि लेखणी इतकी दाबली होती की कागद फाटला होता. अ‍ॅम्ब्रोजने तीही जाळली आणि हात झटकले. "तीन. संपलं." पुढच्या आठवड्यात कळलं, ते तिसरं जहाज डिसेंबरातच माणसांसकट बुडालं होतं.

"होडीने टपाल आधी उतरवलं असेल," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. भर समुद्रात कोण टपाल उतरवतं, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण मी संतापले होते. अ‍ॅम्ब्रोजवर होतेच, वडिलांवर त्याहून जास्त. जिवंत होतात तेव्हा कुठे होता हा कागद फाडणारा हात?

एप्रिलमध्ये आमची पिंपं नदीकाठच्या सरकारी वखारीत तपासणीला गेली. भर दुपार, गावचे मळेवाले जमलेले. कर्नल पेटस गाडी घेऊनच आले होते. माल पास झाला की टॅमरला न्यायचं होतं. ती गाडीशेजारी गाठोडं धरून उभी होती. ओबडाया टेंच या म्हाताऱ्या तपासनिसाने आमच्या पिंपाच्या फळ्या काढल्या, पहार खुपसली आणि दाबलेल्या पानांचा थर उचकटला.

थरात कागद होता.

पान गेल्या सप्टेंबरात कापलेलं, वडील जाऊन दोन महिने झाल्यावर. कागदावर पानांच्या शिरा उमटल्या होत्या. त्यावर भाव नव्हता, राजकारण नव्हतं. तेवढं एकच वाक्य, आणि खाली सही.

टेंचने ते मोठ्याने वाचलं.

"पिंप मी भरलंय, मिस केझाया," डॉर्कस माझ्या कानाशी म्हणाली. "थर न् थर. कागद नव्हता."

अ‍ॅम्ब्रोज हसला. "ओबडायाकाका, हे माझ्या बहिणीचे उद्योग आहेत. तिचं अक्षर वडिलांसारखंच आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिला लिहायला सांगा."

टेंचने टाक माझ्या हातात दिला आणि पिंपाच्या झाकणावर कोरा कागद ठेवला. "हेच वाक्य लिही, पोरी."

मी पन्नाशीची, पण त्याच्या लेखी पोरच. माझ्याकडे दुसरं अक्षर नव्हतं. एकच शिकले होते. ते जुळलं की पत्र खोटं, आणि टॅमर केंटकीला. टॅमर माझ्या हाताकडे बघत होती.

मी लिहिलं.

गोल, बुटकं, सरळ अक्षर आलं. कुणाचं, मला माहीत नाही. बोटं माझी होती.

"हे ते नाही," टेंच म्हणाला.

"ती मुद्दाम बदलतेय! तिची नकलांची वही आणा!" अ‍ॅम्ब्रोज ओरडला. आमचा कारकून पळत जाऊन कचेरीतून माझ्या नकलांची वही घेऊन आला. अ‍ॅम्ब्रोजने स्वतःच ती उघडली, पहिलं पान, मधलं, शेवटचं.

बारा वर्षं. सगळी गोल, बुटकी, सरळ.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शप्पथ घेऊन सांगते, मलाही ते तेव्हाच कळलं.

टेंच आणि त्याच्या जोडीदार तपासनिसाने कोर्टात, अक्षर वडिलांचंच आहे, अशी शपथ घेतली. डॉर्कस आणि टॅमर मुक्त झाल्या आणि चार दिवसांनी फिलाडेल्फियाच्या गलबतात बसल्या. मी धक्क्यावर पोचवायला गेले.

"मी ऑक्टोबरातच बोलायला हवं होतं," मी म्हणाले.

"हो," डॉर्कस म्हणाली. तेवढंच.

मतदानाच्या दिवशी मी कोर्टाच्या खिडकीबाहेर बायकांत उभी होते. मतदार पुढे येतो, नाव मोठ्याने सांगतो, कारकून लिहितो, उमेदवार उठून आभार मानतो. टॅमरऐवजी कर्नल पेटसना काय कबूल झालं ते मला माहीत नाही, पण ते आपल्या चाळीस माणसांसह आले.

"कुणाला मत, कर्नलसाहेब?" शेरीफने विचारलं.

"थिओफिलस ब्रॅकेट."

कुणी हसलं नाही. कारकुनाने लिहून घेतलं.

अ‍ॅम्ब्रोज अर्धवट उठला. "मी... आभारी आहे."

"थिओफिलस ब्रॅकेट," पुढचा म्हणाला. त्याच्या मागचाही.

दहाव्या मतानंतर अ‍ॅम्ब्रोज उठायचा थांबला. त्याने खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाच ते नाव ऐकू येत होतं; बाकीच्यांना अ‍ॅम्ब्रोजचंच.

एकशे बारा मतं, सगळी त्याच नावाला.

शेरीफने निकाल पुकारला आणि विजेत्याला पुढे बोलावलं. अ‍ॅम्ब्रोज बाक घट्ट धरून बसून राहिला. शेरीफ हसला, हात पुढे करून हवेत कुणाचा तरी हात चांगला हलवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने पाणी ठिबकणारा आपला तळवा कोटाला पुसून कोरडा केला.