आक्का खुर्ची सोडेना

सांगते, पण मध्येच 'भास झाला असेल' म्हणायचं नाही. माझं काम भासांचं नाही, फोनचं आहे.

पुरात रुग्णवाहिका केंद्र बुडालं. तिथला नंबर मात्र सगळ्या गावाला पाठ, तो बंद पडून चालणार नव्हतं. म्हणून टेकडीवरच्या शाळेत मी लॅपटॉपला एक फोन जोडला आणि तो नंबर इंटरनेटवरून इकडे वळवला. केंद्राचा नंबर कुणीही फिरवला, तरी फोन वाजणार माझ्यासमोर. भरदुपारी आभाळ काळंठिक्कर होतं, वर्गात ओल्या खडूचा वास येत होता.

फोन वाजेचना. तपासायला मी मोबाइलवरून तोच नंबर लावला. माझ्यासमोरचा फोन वाजला नाही, पण पलीकडे कुणीतरी उचलला.

"रुग्णवाहिका केंद्र, बोला..."

आवाज आक्काचा. केंद्रातली जुनी ऑपरेटर. सकाळीच तिला पाण्यातून बाहेर काढून तिच्या तोंडावरून चादर ओढली होती.

मी झटकन फोन कापला. तेवढ्यात मोबाइलवर वहिनी. "अगं, आम्ही छपरावर आहोत. ह्यांच्या छातीत दुखतंय. केंद्रात फोन केला, बाई म्हणाली, गाडी निघाली..."

भीती गेली, डोकंच फिरलं. रस्ते पाण्याखाली, आमच्याकडे फक्त बोटी, आणि ही लोकांना गाडीची वाट बघायला लावतेय! मी पुन्हा नंबर लावला.

"आक्का, नंबर सोड."

"ड्युटी संपली नाही गं..." मागे पाणी डचमळत होतं.

"संपली! आता ती माझी. ऊठ त्या खुर्चीवरून!"

 मग पलीकडे खुर्ची सरकली... आणि माझ्यासमोरचा फोन खणखणला. एकामागून एक. मी बोटी पाठवत सुटले, पहिली दादाकडे.

बोट परतली ती एकट्या वहिनीला घेऊन.

"दादा कुठाय?"

"गाडी आली होती ना," ती म्हणाली. "पाण्यावरून... जागा एकालाच होती."

मी नंबर लावला. समोरचा फोन वाजायला हवा होता. तो गप्प.

"रुग्णवाहिका केंद्र, बोला..." आवाज दादाचा होता.

"दादा, त्या खुर्चीवर बसायचं नाही! मी येतेय तुला न्यायला."

"तू कशाला येतेस?" तो हळूच म्हणाला. "गाडी निघालीय तुझ्याकडे..."

"येऊ दे. तिच्यातूनच तुला परत आणते."

शाळेच्या पायऱ्यांशी हॉर्न वाजला. मी बाह्या वर सारल्या आणि दार उघडलं.