हललेला फोटो

काम साधंच होतं. एका दवाखान्याला भिंतीवर लावायला समुद्राची सहा चित्रं हवी होती. मी तेच करतो. शटर सेकंदभर उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात कॅमेरा क्षितिजाच्या रेषेत हळूच ओढायचा. लाटा, खडक, पक्षी, सगळं पुसलं जातं. उरतात रंगांचे आडवे पट्टे. भावोजी चिडवायचे, "लोक हललेले फोटो फेकून देतात, आमचे मेहुणेराजे ते फ्रेम करून विकतात!"

भावोजी बंदराबाहेरच्या तरंगत्या दिव्यांची दुरुस्ती करायचे. या कामाच्या दहा महिने आधी त्यांची होडी रिकामीच किनाऱ्याला लागली. ते सापडले नाहीत. तेव्हापासून ताई माझ्याकडे राहत होती आणि समुद्राचं नावही काढत नव्हती. म्हणून त्या दुपारी ती "मीही येते" म्हणाली, तेव्हा मला बरंच वाटलं.

सूर्य मावळायला अर्धा तास होता. ओहोटी लागलेली. ओल्या वाळूला कुजक्या शेवाळाचा वास येत होता आणि आम्हा दोघांखेरीज किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. ताई माझी पिशवी पोटाशी धरून मागे उभी राहिली. मी दहा-बारा फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघू लागलो.

एका फोटोत, त्या पुसलेल्या पट्ट्यांच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. पाठमोरा. सदऱ्याच्या चुण्या मोजता याव्यात इतका स्पष्ट.

मी समोर पाहिलं. पाण्यात कुणीच नव्हतं.

कॅमेरा असा ओढला की रोवलेल्या खांबाचाही फराटा होतो. तो माणूस स्पष्ट यायचा, तर त्याला माझ्या हाताबरोबर, त्याच वेगाने सरकावं लागलं असतं. मी पुन्हा काढला; या वेळी मुद्दाम वेडावाकडा हात हलवून. तो तसाच स्पष्ट. फक्त जवळ आलेला, आणि मान अर्धी वळलेली.

"ते आहेत," ताई माझ्या खांद्याआडून म्हणाली.

"ताई, चल घरी."

"अजून एक काढ..."

"नको."

"बाळ्या, एकच... चेहरा बघू दे मला."

दहा महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी काढला. पडदा तिच्यापुढे धरला. चेहरा भावोजींचाच होता. त्यांनी हात पुढे केला होता.

पिशवी वाळूत पडल्याचा आवाज आला. मी मान वर करेपर्यंत ताई कमरेइतक्या पाण्यात पोचली होती.

कॅमेरा टाकून मी धावलो, तिचा दंड धरून ओढलं. लाट नव्हती, ओढ नव्हती, तरी ती जागची हलेना. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. मग एकदम सुटली आणि आम्ही दोघं मागे कोसळलो. "सोडलं त्यांनी..." एवढंच ती म्हणाली.

तो धंदा मी बंद केला. समुद्रापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं.

मागच्या आठवड्यात ताईला ओळखपत्राच्या फोटोसाठी जवळच्या स्टुडिओत नेलं. फोटोवाल्याने चारदा काढला.

"बाई, हलू नका हो."

"मी हलतच नाहीये."

खरंच हलत नव्हती. मी शेजारीच होतो. तिची पापणीही लवत नव्हती. फोटोत खुर्ची स्पष्ट, भिंत स्पष्ट, आणि ताईच्या चेहऱ्याचा डावीकडे गेलेला फराटा. वैतागून त्याने खुर्ची उलटी फिरवली, कॅमेरा पलीकडे नेला आणि समोरून पुन्हा काढला. आता फराटा उजवीकडे.

दोन्ही वेळा पश्चिमेला. समुद्राच्या बाजूला.

ताईने दोन्ही फोटो हातात घेतले. फराट्याच्या टोकावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"बाळ्या," ती हळूच म्हणाली, "आता फार नाही राहिलं..."