चारशे बारा परके

सकाळी सातला कुमुद भोईर चहाचा कप घेऊन पाणी-वाचन केंद्राच्या गच्चीवर आल्या, तेव्हा नदीने आदल्या दिवसाचा हालहवाल सांगून टाकला होता. हातातल्या पाटीवर एकेक ओळ उमटत होती. काल मोहोघरात झेंडू फार खपला, म्हणजे लग्ने बक्कळ झाली. मोहरी पुन्हा वाढली, म्हणजे पाटण्याकडची आणि कोलकात्याकडची मंडळी अजून येतच होती. परीक्षा तोंडावर आल्यामुळे कॉफी चढली होती. बोंबील मात्र नेहमीप्रमाणे पहिल्या नंबरावर होता आणि त्याचा कुमुदताईंना मनातून अभिमान वाटला.

हे सगळे सांगणारी वस्तू दिसायला अगदीच साधी होती. पुलाच्या खांबाला पाण्याखाली बांधलेली कुकरएवढी पेटी. तिला जलवाचक म्हणत. प्रत्येक सजीव पाण्यात आपल्या जनुकांचे तुकडे सोडून जातो, मग तो मासा असो, मेथीची जुडी असो की एखादा जिवाणू. जलवाचक ते तुकडे वेचायचा, वाचायचा आणि कोण येऊन गेले ते सांगायचा. मोहोघरला असे दोन होते. उल्हास नदी शहरात शिरते तिथे वरच्या पुलावर एक आणि शहर सोडते तिथे खालच्या पुलावर दुसरा. रोगाची साथ माणसांच्या आधी पाण्याला कळते, म्हणून ते बसवले होते. लोकांच्या ताटात काय पडले तेही कळायचे, ही वरकड गंमत.

त्या आठवड्यात कुमुदताईंच्या मागे आणखी एक काम लागले होते. मोहोघर नगरपरिषदेची महानगरपालिका होणार होती आणि सरकारने शहराचा दोन पानी परिचय मागवला होता. शहराची नाडी रोज तुम्हीच बघता, तर तुम्हीच लिहा, असे म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी ते त्यांच्या गळ्यात मारले होते. चार दिवसांत एकच ओळ झाली होती. ‘मोहोघर हे उल्हास नदीच्या काठावरील वाढते शहर आहे.’ पुढे गाडी अडली होती, कारण सांगण्यासारखे इतके होते की कुठून धरावे तेच कळत नव्हते.

त्यांच्या लहानपणी इथे तीनशे उंबरे होते, सगळे ओळखीचे आणि निम्मे नात्यातले. वडील नदीवर तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, चालवत. आता साडेसहा लाख माणसे झाली होती. चुलत्यांचे वालाचे शेत होते तिथे बावीस मजली इमारत उभी होती. सकाळी तिच्या एका मजल्यावर डोशाचे पीठ फुगून वर आलेले असे, दुसऱ्यावर ठेपले लाटले जात, तिसऱ्यावर कोणी आसामी बाई मासळी साफ करत बसलेली असे आणि चौथ्यावर खानदेशी कळण्याची भाकरी थापली जाई. त्या चारही घरांतल्या मुली एकाच रिक्षातून शाळेत जाताना अस्सल मोहोघरी मराठीत कडाकडा भांडत. ते भांडण ऐकायला मिळावे म्हणून कुमुदताई कधी कधी मुद्दाम त्या कोपऱ्यावरून येत.

आणि घाटावरचा रविवार तर या शहराखेरीज कुठेच नव्हता. वीस वर्षांपूर्वी मदुराईहून आलेल्या सेल्वी अक्कांनी सासूसाठी वैगई नदीचे पाणी बाटलीत जपून ठेवले होते. सासू गेली, बाटली तशीच राहिली. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून अक्कांनी ती घाटावर येऊन उल्हासात ओतली. शेजारच्या यादव बाईने ते पाहिले आणि पुढच्या खेपेला आपल्या गावची गंडक नदी आणली. बघता बघता रीतच पडली. मोहोघरात राहायला येणारे प्रत्येक कुटुंब आपल्या गावच्या नदीचे नाहीतर विहिरीचे पाणी आणायचे, घाटावर उभे राहून तिचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि पाणी ओतायचे. पायऱ्यांवरची जुनी माणसे एका सुरात म्हणायची, “ये बाई, बस.”

त्या शनिवारी चहा संपायच्या आत पाटी लाल झाली. खालच्या पुलाने कळवले होते : परके, चारशे बारा.

पाठोपाठ मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. “मॅडम, आकडा पाहिलात? वरच्या तीन शहरांत हट्ट्या टायफॉईडने दवाखाने भरलेत. कुठलंही औषध लागू पडत नाही. मी धोका घेणार नाही. दुपारी टँकर येईल. घाटाच्या गाळात औषध टाकून त्यातलं सगळं मारायचं, वर सिमेंट घालायचं. उद्याचं पाणी ओतणं रद्द. तुमची सही पाठवा.”

“एकदा तपासून घेऊ का, साहेब?”

“चारशेच्या वर गेलं की घाट बंद, हा नियम तुम्हीच केलात ना?”

कुमुदताईंनी फोन ठेवला. नियम त्यांचाच होता. अकरा वर्षांपूर्वी जलवाचक बसवला तेव्हा त्याला शिकवायचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी दोन कप्पे केले, एक ‘आपले’ आणि दुसरा ‘परके’. आपल्यांत त्यांनी वस्ती वाढायच्या आधीच्या नोंदींत, जुन्या मोहोघरच्या नदीत सापडलेले तेवढेच सूक्ष्मजीव घातले आणि त्या दिवशी यादीचे दार लावून घेतले. पुढे जे जे आले ते आपोआप परके. तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. चुलत्यांनी शेत विकले होते, बाजारात ओळखीचा चेहरा दिसत नव्हता आणि निदान पाण्याच्या यादीत तरी आपले गाव होते तसे राहावे, असे त्यांना वाटले होते. कोणाला हे कधी सांगितले नव्हते. आज त्याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. घाटावरून खरोखरच साथ आली तर दोष कोणाचा?

सही करायला त्यांनी पाटी उचलली, तेवढ्यात फातिमा परकार जिना चढून आली. ती दापोलीची, केंद्रात सूक्ष्मजीव बघायची आणि कुमुदताईंशी भांडायला कधी मागेपुढे पाहायची नाही.

“ताई, सही केलीत?”

“करतेय.”

“मग थांबा. आधी वरच्या पुलाचं वाचन बघा. हट्ट्याचे जिवाणू मंगळवारपासून रोज आपल्याकडे येतायत. खालच्या पुलावर मात्र एकही नाही. मधे दोन किलोमीटर नदी आहे आणि एक घाट.”

“पाणी वाढलं असेल. पातळ झाले असतील.”

“पातळ झाले तरी दिसतात. हे दिसतच नाहीयेत.” फातिमाने पिशवीतून एक काचेची बशी काढली. “काल यात हट्ट्याचे जिवाणू वाढवले आणि वर घाटाच्या गाळातला एक थेंब सोडला.”

बशीभर जिवाणूंचा दुधट थर पसरला होता आणि त्याला धिरड्याला पडते तशी जाळी पडली होती. प्रत्येक भोक स्वच्छ, आरपार.

“कोणीतरी खाल्लंय यांना,” कुमुदताई म्हणाल्या.

“जिवाणूभक्षी. जिवाणूंना मारणारे विषाणू. माणसाला हात लावत नाहीत, त्यांचं खाणं ठरलेलं असतं. गाळात निपचित पडून राहतात, खाद्य आलं की वाढतात. आणि तुमच्या पेटीने त्यांना कुठल्या कप्प्यात टाकलंय माहितीय?”

माहीत होते. कुमुदताईंनी तरीही यादी उघडली.

“एक वैगईचा,” फातिमा बोट ठेवत म्हणाली, “एक गिरणेचा, एक गंडकचा. हा चौथा कुठल्याशा विहिरीतला आहे. हट्ट्या रूप बदलून एकाच्या तावडीतून सुटतो, तर दुसरा धरतो. एकट्या उल्हासच्या जिवाणूभक्षींना तो केव्हाच गुंडाळून बसला असता. वरच्या शहरांत तेच झालंय.”

“हे तुझं एका बशीवरचं बोलणं. टँकर बाराला येतोय.”

“मग दहा बशा करू. संध्याकाळी चारपर्यंत कळेल. नवीन जेलीवर वाढ लवकर होते.”

बाराला टँकर आला. कुमुदताई घाटाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, त्यांनी ढुंकून पाहिले नाही. शेवटी तो खाली उतरला.

“मावशी, मला वरून हुकूम हाय.”

“मला पण होता. जेवलास का?”

“नाही अजून.”

“सेल्वी अक्कांकडे सांबार-भात तयार आहे. जेव, जरा पड. चारला मी स्वतः सांगते काय करायचं ते.”

ते चार तास त्यांना फार जड गेले. फातिमाचे म्हणणे खोटे निघाले, तर एका बाईच्या हट्टापायी साडेसहा लाखांच्या शहरात साथ घुसली असती. खरे निघाले, तर याच बाईच्या अकरा वर्षांपूर्वीच्या रागाने शहराचे राखणदार आज मेले असते. समोर पाण्यात बगळे उभे होते. पायऱ्यांवर एक म्हातारे सिंधी गृहस्थ आणि एक म्हातारे आगरी, कुमुदताईंच्याच आळीतले, कॅरमच्या एका सोंगटीवरून हमरीतुमरीवर आले होते. हे शहर आपल्याला किती आवडते, हे कुमुदताईंना त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा स्वच्छ कळले.

चारला दहापैकी नऊ बशांना जाळी पडली होती. दहावीत फातिमाने तुलनेसाठी गाळाऐवजी नुसते नळाचे पाणी टाकले होते.

कुमुदताईंनी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला आणि चूक कोणाची ते आडपडदा न ठेवता सांगितले.

“म्हणजे चारशे बारा जणांना सरसकट पास द्यायचा?”

“नाही साहेब. त्यांत दोन खरंच वाईट आहेत, त्यांच्यावर नजर राहील. पण कुठून आला ते बघायचं नाही, काय करतो ते बघायचं. उद्यापासून प्रत्येक तांब्यातला थेंब आधी वाचायचा. हिरवा दिवा लागला तरच ओतायचं. आणि गाळाचे नमुने वरच्या तिन्ही शहरांना आजच पाठवते, त्यांच्या डॉक्टरांना उपयोग होईल.”

“आणि सही?”

“या नव्या नियमावर करते. घाट बंद करण्यावर नाही.”

त्यांनी टँकर परत पाठवला आणि दोन्ही कप्पे मोडून टाकले. मग परिचयाचा कागद पुढे ओढला, ती एक ओळ खोडली आणि लिहिले : ‘मोहोघर ही एक नदी नाही. आजवर इथे एकशे त्रेसष्ट नद्या राहायला आल्या आहेत, आणि त्या एकमेकींना सांभाळतात.’ त्यापुढचे दीड पान एका बैठकीत झाले.

रविवारी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. फातिमा टेबल मांडून बसली होती, समोर हातात मावेल एवढा छोटा जलवाचक. बाटल्या, तांबे, एकाकडे तर बाळाची दुधाची बाटली. थेंब पडायचा, हिरवा दिवा लागायचा, नाव घेतले जायचे आणि पायऱ्या म्हणायच्या, “ये बाई, बस.”

मग तिशीतली एक बाई पुढे आली. ज्योत्स्ना लहाने, बीडकडची, इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली. तिच्या हातात स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा होता. तिने तो उघडला. आत वाळू होती.

“पांझी नदी,” ती म्हणाली. “पाणी नाही हो आता. माझ्या लग्नाच्या वर्षी शेवटचं पाहिलं. आईनं पात्रातली वाळू दिली. म्हणली, रिकाम्या हातानं जाऊ नको. हे चालतं का, ताई?”

फातिमाने कुमुदताईंकडे पाहिले. त्यांनी नदीतून ओंजळभर पाणी आणले, वाळूवर सोडले आणि निथळलेला थेंब जलवाचकावर ठेवला. दिवा ना लाल झाला, ना हिरवा. नुसता लुकलुकत राहिला.

“वाचतोय,” फातिमा म्हणाली. “कोरड्यात झोपलेलं असलं काही, तर उठायला वेळ लागतो. आणि नसलंच तर...”

“दिवा लागेल तेव्हा लागेल,” पायऱ्यांवरून सेल्वी अक्का म्हणाल्या. “डबा थांबेल. पोरीला कशाला उभी ठेवता? ये बाई, बस.”

पायऱ्यांनी ते उचलून धरले. ज्योत्स्ना पहिल्या पायरीवर बसली आणि तिने पदराने डोळे पुसले. कुमुदताईंचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

दिवा अजून लुकलुकतच होता. रांगेत पुढे कोण आहे हे बघायला कुमुदताईंनी मान वळवली, तर मागे आणखी तिघांच्या हातांत बाटल्या नव्हत्या, घट्ट झाकणाचे डबे होते. यातल्या किती नद्या अजून जाग्या होतील?