पायऱ्यांजवळची जागा

घर पहिल्या फेरीतच पसंत पडलं होतं. तळमजला, दोन खोल्या, हवेशीर स्वयंपाकघर. अडत होतं ते गाडीपाशी. यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा पाय ओढत चालतात. तीस पावलांत दम लागतो. गाडी मीच चालवते, पण ती उभी करायची कुठे, यावर यांचं बाहेर पडणं अवलंबून.

म्हणून भर दुपारी मी पावलं मोजत फिरत होते. मागच्या शेडपासून दारापर्यंत सत्तर. रस्त्यावरून पंचावन्न, त्यात चढ. आणि पायऱ्यांना लागून एका गाडीपुरती मोकळी जागा. तिथून फक्त नऊ.

"घर बघायला आलीस की गाडीला स्थळ?" हे फाटकापाशी काठीवर रेलून हसले.

"ती जागा मिळेल ना?" मी घरमालकीणबाईंना विचारलं.

"मिळेल की. रिकामीच असते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "कुणी लावत नाही तिथे."

"का बरं?"

"सवय नाही कुणाला..."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या. समोर एवढी मोकळी जागा, पण त्या कडेला वळल्या. कुंपणाच्या भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं आणि पिशव्या उंच धरून आडव्या सरकत गेल्या, कुणाच्या गाडीला ओरखडा पडू नये तशा. मागून दूधवाला आला. तोही तसाच गेला. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला हसू आलं. यांना हाताला धरून पायऱ्यांवर बसवावं म्हणून मी फाटकापाशी गेले आणि घेऊन आले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, पाठ बघ तुझी."

माझ्या पाठभर भिंतीचा चुना लागला होता. मी कधी भिंतीला टेकले, मला आठवेना.

"आम्ही मागची शेड घेतो," मी मालकीणबाईंना म्हणाले.

"नऊ सोडून सत्तर?" हे चिडले. "पाय माझे आहेत, बाई!"

मालकीणबाईंनी लगेच मान डोलावली. त्यांचे खांदे तेवढे सैल झाले.

राहायला आल्यावर तीन आठवडे बरे गेले. मग एका दुपारी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून परतताना, शेडकडून येता येता यांना फार दम लागला. त्या जागेच्या कडेला यांना भिंतीशी उभं केलं आणि मी खुर्ची आणायला आत धावले. दोन मिनिटं लागली असतील, जास्त नाही. परत आले तर हे ताजेतवाने उभे.

"खुर्ची कशाला? बसलो होतो की गाडीत."

"कुठल्या गाडीत?"

यांनी काठीने दाखवलं. त्या मोकळ्या जागेतली फरशी उन्हात लख्ख पडली होती. तिच्यावर काही नव्हतं.

"भला माणूस. दार उघडून म्हणाला, बसा. किती दिवस ताटकळवणार ही तुम्हाला..."

घरात आल्यावर मी यांचा शर्ट काढला. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरपी, रुंद चुणी पडली होती. घट्ट दाबल्यासारखी.

"सीटबेल्ट लावला होता?" मी विचारलं.

"त्यानेच लावला. लांब जायचंय म्हणाला. मी म्हटलं, हिला सांगून येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी आमची गाडी त्या जागेत आणून उभी केली. जागा भरलेली असली म्हणजे दुसऱ्या कुणाला तिथे उभं राहता येणार नाही, एवढाच माझा साधा हिशेब. तेव्हापासून ती तिथेच असते. शेजारी अजूनही भिंतीला घासून जातात, पण आता त्याला कारण आहे.

गाडीच्या दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यातल्या साखळीत असतात. तरी रोज सकाळी मी दार उघडते, तेव्हा शेजारच्या सीटचा बेल्ट लावलेला असतो. मी तो सोडते.

काल सोडला, तेव्हा तो गरम होता.