मोनूचं वय

साकोलीत हायवेच्या कडेला, खताच्या दुकानाच्या माडीवर भुपेंद्रचं ऑफिस होतं. माणूस कामाला पक्का, पण जिभेला हाड नाही. कुणाला काय लागेल, कुठं लागेल, याचा विचार त्यानं जन्मात केला नाही. तलावांच्या पाणीवाटपाचं ॲप त्याच्याकडे होतं. त्यात एका घराची माहिती एका डॉक्युमेंटमध्ये कोंबलेली: माणसं, धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, पाण्याची पाळी, सगळं एकाच पोत्यात. वरच्या साहेबांना मात्र सरळ टेबलं हवी होती, एका माणसाची एक ओळ. म्हणून पोती न फोडता भुपेंद्र त्यांच्यावर व्ह्यू बांधून राहिला होता.

"व्ह्यू म्हणजे खिडकी," चहावाल्यालासुद्धा तो ऐकवायचा. "खिडकीत स्वतःचं काही नसते. पोत्यात जे आहे, तेच दिसते."

नमुना म्हणून त्यानं स्वतःचंच घर टाकलं होतं, सासरच्या करडीच्या तलावावर. भुपेंद्र, बायको कामिनी, लेक गुड्डी. लेकीच्या वाढदिवसाला तिला मांडीवर घेतलं, तर वयाचा आकडा तिनं स्वतः दाबला. सात. "पप्पा, मी मोठी झाली आता," म्हणाली आणि पडलेल्या दाताची फट दाखवत हसली. साऱ्या जगावर खेकसणारा भुपेंद्र त्या एका जिवापुढं लोणी व्हायचा. सध्या धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती म्हणून मायलेकी करडीला गेल्या होत्या. रविवारी तो आणायला जाणार होता.

आता बघा, करडीच्याच माहितीत घोळ निघाला. काही घरांत एखाद्या माणसाचं वय रिकामं. भुपेंद्रनं कपाळावर हात मारून घेतला. तो गावचा जावई, त्याला कारण ठाऊक होतं. तलावात बुडालेल्याला करडीत घरातून वजा करत नाहीत. नाव घरातच राहतं आणि बांधीत पहिलं पाणी त्याच्या नावानं सोडतात. त्याचं वय तेवढं कुणी सांगत नाही, विचारतही नाही. ॲपवाले दारात आल्यावर बायांनी भोळेपणानं ती नावंही सांगितली होती, आणि माहिती भरणाऱ्यांनी ती जिवंतांच्या रांगेत टाकून दिली होती.

"मेलेल्यांचं काय लोणचं घालू?" म्हणत भुपेंद्रनं व्ह्यूला एक अट घातली. वय नाही, तर ओळ नाही. डॉक्युमेंटला त्यानं हातही लावला नाही. नावं दिसेनाशी झाली आणि टेबल कसं स्वच्छ झालं.

दुसऱ्याच दिवशी करडीची रुखमा माडी चढून आली. लुगड्याच्या काठाला चिखल वाळलेला, रोवणा सोडून बाई आली होती. तिचा मोनू तलावात गेला, हे भुपेंद्रला माहीत होतं. गावातच सासर, तेव्हा माहीत कसं नसणार?

"भाऊ, मोबाईलमंधी आमच्या घरात मोनू दिसत नाही जी."

"मग? मेला ना तो?"

"मेला. पन घरातून कायले काढला?"

"काढला नाही. दिसत नाही, एवढंच."

"नाव दिसत नाही तं पानीवाला त्याचं पानी सोडू देत नाही जी. माह्यं लेकरू तहानलं राहीन."

"पोटभर पिऊनच गेला ना, बाई? आणखी कायले लागते?"

बोलायचं ते तो बोलून गेला. रुखमा रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली, आणि उठेचना.

ब्याद टळावी म्हणून भुपेंद्रनं तिच्या घराचं डॉक्युमेंट उघडलं. वय भरलं की अट पुरी होते, ओळ दिसते. कोणतं भरावं? बोट आपसूक गेलं. सात.

"घे. तुझा मोनू दिसला. सात वर्षांचा आहे."

रुखमा ताडकन उठली. "अगा बाप्पा! वय नोका लिहू भाऊ. पुसा ते!"

"आता काय झालं?"

"त्याच्यापाशी वय नाही जी. दिलं का तो कोनाचं तरी घेते."

भुपेंद्र खो खो हसला. जिना उतरता उतरता तिनं वळून पाहिलं. घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोनाचं लिवलं, भाऊ?"

दुपारचा डबा खाऊन त्यानं तपासणीसाठी नमुन्याचं घर उघडलं. भुपेंद्र. कामिनी. बस्स, दोनच ओळी.

डॉक्युमेंट पाहिलं. गुड्डी, सात. जागच्या जागी होतं.

त्यानं अट काढली. गुड्डी दिसली. वय रिकामं.

असं होत नसतं. पोत्यात आहे आणि खिडकीत नाही? त्यानं व्ह्यू मोडला, नव्यानं बांधला. तेच. मोनूचं सात पुसून टाकलं. डॉक्युमेंटमधून ते गेलंही. खिडकीत मात्र मोनूपुढं सात तसंच होतं.

खालून खताचा वास नेहमीच यायचा. आज त्यात शेवाळाचा वास मिसळला होता. आपल्या घराच्या डॉक्युमेंटमध्ये गुड्डीपुढं त्यानं पुन्हा सात दाबलं. पुन्हा दाबलं. बोटाखालची कळ ओली लागली.

त्यानं कामिनीला फोन लावला.

"गुड्डी कुठं आहे?"

पलीकडे बांधीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. बाया हसत होत्या.

"कामिनी! गुड्डी कुठं आहे?"

"काय हो असं बोलता?"

"वय सांग तिचं. सात ना? सात म्हण!"

आजाऱ्याची समजूत काढावी तशी ती हळूच म्हणाली, "तिचं वय असं विचारू नये. तुमाले माहीत आहे ना?"

भुपेंद्रनं खिडकीतल्या मोनूच्या ओळीकडं पाहिलं. "आणि मोनू? रुखमाचा?"

"तो काय, काठावर खेळून राहिला. आज दात पडला त्याचा. साऱ्यायले फट दाखवत फिरून राहिला."

फोनमध्ये एक पोर हसलं.

"रविवारी या तुमी," कामिनी म्हणाली. "बाबानं पहिलं पानी आत्ताच सोडलं, गुड्डीच्या नावानं. दरवर्षी सोडतात तसंच."