खोगीरपाठीची कासवं

“जो शेवटी पोचेल तो तिघांच्या सायकली धुणार!” असं ओरडून यादिराचा मित्र यांद्री सुटलासुद्धा.

“लबाडा, एक-दोन-तीन तरी म्हण!” यादिराने सायकल दामटली. तिचा धाकटा भाऊ डार्विन नेहमीसारखा मागेच राहिला.

मार्चची सुट्टी होती. अश्रूंच्या भिंतीच्या सावलीत बसून डबे फस्त करायचा बेत होता. ती भिंत फार पूर्वी कैद्यांकडून बांधून घेतलेली. कशासाठी, ते कुणालाच सांगता येत नसे. दगड वाहता वाहता माणसं मेली, एवढं मात्र इसाबेला बेटावरचं शेंबडं पोरही सांगायचं.

भिंत दिसू लागली तेवढ्यात मागून हाक आली, “ताई, थांब! कसला तरी वास येतोय!”

“मोजे कधी धुतलेस रे?” यांद्री खिदळला. पण वारा फिरला आणि त्याचंही हसू मावळलं.

झुडपांत माश्या घोंघावत होत्या. यादिरा काटे सारत आत शिरली आणि थिजली. एका मोठ्या कासवाची पाठ उताणी पडली होती. नुसती पाठ! आतलं सगळं कुऱ्हाडीने तोडून नेलेलं. काठावर रक्त वाळून काळं पडलेलं. यांद्री तोंड फिरवून ओकला.

एरवी पाल मेली तरी डोळे पुसणारा डार्विन मात्र गुडघ्यांवर बसून निरखत राहिला.

“ताई, हे आपल्याकडचं नाही.”

“म्हणजे?”

“आपल्याकडच्या कासवांची पाठ पालथ्या घमेल्यासारखी असते. ही बघ, मानेपाशी वर उचललीय. घोड्याच्या खोगिरासारखी! अशी पिन्सोन बेटावर असतात. तिथे गवत कमी, म्हणून मान ताणून निवडुंग खावा लागतो.”

“मग पिन्सोनहून पोहत आलं वाटतं?” यांद्रीने तोंड पुसत विचारलं.

“नाही. कुणीतरी होडीतून आणलं.”

तिघं तडक वनरक्षकाच्या चौकीवर गेली. वनरक्षक एलॉयकाका झोपाळ्यात पडून फुटबॉलचं समालोचन ऐकत होते.

“म्हातारं होऊन मेलं असेल. कुत्र्यांनी खाल्लं असेल.”

“कुत्री कुऱ्हाड कधीपासून वापरायला लागली?” यांद्री म्हणाला.

“तोंड सांभाळ! आत्ताच मोजणी झालीय. आपलं एकही कासव कमी नाही!”

“तेच तर सांगतोय! ते आपलं नाहीच! पाठीचा आकार बघा ना—”

“कासव म्हणजे कासव! बापाने डार्विन नाव ठेवलं म्हणून कुणी शास्त्रज्ञ होत नाही, बाळा. तुझ्याच वर्गात आणखी दोन डार्विन आहेत.” आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

परतताना डार्विन रडवेला झाला होता. “खरा डार्विनही असाच चुकला होता,” तो पुटपुटला. “इथल्या अधिकाऱ्याने त्याला सांगितलेलं, की पाठ बघून मी कासवाचं बेट ओळखतो. त्याने मनावरच घेतलं नाही. जहाजावर सगळ्यांनी कासवं खाल्ली, त्यानेही खाल्ली आणि पाठी समुद्रात फेकल्या. घरी गेल्यावर इथले पक्षी नीट तपासले, तेव्हा कळलं, की बेटागणिक जीव वेगळे होत गेलेत. तोवर पाठी कुठल्या राहायला!”

“शहाण्याने पुरावाच गिळला की!” यांद्री म्हणाला.

“हो. पण आपण लक्ष दिलं नाही, हे त्याने स्वतःच लिहिलंय. मग वर्षानुवर्षं कबुतरं पाळली, खडकांना चिकटणारे कवचाचे जीव तपासले. एवढं करून पुस्तक छापलं, तर लोकांनी त्याला माकड बनवून चित्रं काढली.”

“आपण आपला पुरावा सोडायचा नाही,” यादिरा म्हणाली. “उद्या पाठच चौकीवर नेऊ.”

पण सकाळी पाहतात तर पाठ गायब! मातीत फक्त ओढत नेल्याची खूण होती आणि काट्यात निळ्या दोरीचा तुकडा अडकला होता. त्यावरची गाठ यादिराने लगेच ओळखली. दुहेरी पीळ आणि मध्ये उलटा फास. बाबा समुद्रात बुडाले त्या वर्षी क्लेवेरमामाने तिचा हात धरून हीच गाठ शिकवली होती. बाकीच्यांची पाठ वळताच तिने तुकडा खिशात कोंबला.

खूण मान्सानियोच्या झाडांत शिरत होती. त्या झाडाच्या चिकाने कातडी भाजून निघते, म्हणून तिथे कुणी फिरकत नसे.

“अंग चोरून चला. पानाला हात लावू नका,” यादिरा म्हणाली. आत काही नसू दे, असं ती मनात घोकत होती.

आत चार कासवं उताणी पडली होती. पाय बांधलेले. दोन केव्हाच गेली होती. तिसऱ्याचे डोळे अर्धे मिटलेले. चौथ्याने लांब, सुरकुतलेली मान हळूच वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

तिघांनी खांदे लावून जिवंत दोघांना सरळ केलं. दोऱ्या सोडताना डार्विन थबकला. “ताई, ही गाठ तर मामाची आहे.”

यादिराने खिशातला तुकडा काढून दाखवला.

“रविवारी मामाने बकऱ्याचं मटण दिलं होतं.” डार्विन म्हणाला. “ते बकऱ्याचं नव्हतं ना?”

यादिराने त्या दिवशी रस्सा दोनदा मागून घेतला होता.

“आज भरतीला निघणार, असं मामा आईला सांगत होता,” ती म्हणाली. “त्याआधी ही कासवं न्यायला येणार. यांद्री, एलॉयकाकांना घेऊन ये!”

“ते झोपाळ्यातून उठतील होय!”

“मग थाप मार! एक गोरा पर्यटक कासवावर बसून फोटो काढतोय म्हण. वरिष्ठांची बोलणी खायची त्यांना फार भीती आहे.”

यांद्री वाऱ्यासारखा पळाला.

थोड्याच वेळात झुडपं खसखसली. खांद्यावर पोती घेतलेला क्लेवेरमामा समोर उभा!

“तुम्ही इथे काय करताय? चला, घरी जा!”

“मामा, का केलंस?” यादिराने विचारलं.

“समुद्रात मासळी उरलीय का? तुमच्या ताटात काय पडतं, कुठून येतं, ते जेवताना नाही विचारलंत!”

“आता विचारतेय!”

मामाने कासवाला हात घातला. डार्विन कासवाच्या पाठीवर आडवा पडला. मामाने त्याला बखोटीला धरून बाजूला ढकललं, तसा तो मागच्या फांदीवर आदळला. फांदी मोडली. पांढरा चीक मानेवर ओघळला आणि डार्विन किंचाळला.

मामाच्या हातातली पोती गळून पडली. “आई गं, पोरा! डोळे मीट, चोळू नकोस!” पाण्याची बाटली त्याने मानेवर उपडी केली, स्वतःचा सदरा काढून चीक टिपला. मोटारसायकलचा आवाज जवळ आला तरी तो उठला नाही.

“कुठाय तो पर्यटक?” एलॉयकाका ओरडत आत घुसले आणि समोरचं दृश्य पाहून जागीच थांबले. मग त्यांनी डार्विनच्या डोक्यावर हात ठेवला. “मी निदान बघायला यायला हवं होतं रे!”

मामाला अटक झाली आणि धक्क्यावर थांबलेली खरेदीदारांची बोट संध्याकाळच्या आत पकडली गेली. तिसरं कासव मात्र वाचलं नाही. चौथं मादी होती; ती बरी झाल्यावर तिला पिन्सोनवर सोडलं. मुलांनाही नेलं होतं. खडकांतून ती संथपणे चालू लागली. मानेवर फोड आलेला डार्विन ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.

शाळेच्या पटांगणात मुख्याध्यापिकाबाईंनी तिघांचं नाव घेऊन पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. मामी मात्र आली नव्हती. मुलं रस्त्यात दिसली तरी ती दार लावून घेई.

आईही मामाच्या अटकेपासून कामापुरतंच बोलत होती. दुसऱ्या दिवशी तुरुंगात मामाच्या भेटीचा वार होता. तिने भात, डाळ आणि तळलेली केळी भरून डबा कापडात बांधला.

“आई, रागावलीयस माझ्यावर?” यादिराने विचारलं.

“तू बरोबर केलंस. धाडसाचं केलंस. मला जमलं नसतं.” आईने कापडाची गाठ आवळली. “पण तो माझा भाऊ आहे, गं. चुकलाय म्हणून उपाशी ठेवू का?”

यादिराने डबा उचलला, चपला घातल्या आणि ती आईच्या बरोबरीने चालू लागली.